खाडीतला चोणक आणि पिसांची माशी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, शिरोड्याच्या पुढे रेडी लागतं. गावाची ओळख बहुतेकांना दोन गोष्टींमुळे आहे: लोहखनिजाच्या खाणी आणि त्याच खाणीत १९७६ साली सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती. इतिहासाच्या अभ्यासकांना आणखी एक नाव आठवतं. बदामीच्या चालुक्य मंगलेशाने जिंकलेलं आणि दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आलेलं रेवतीद्वीप म्हणजे हेच रेडी, असं अनेक इतिहासकार मानतात. बंदर, किल्ला, खाण, देऊळ या सगळ्यांवर लिहून झालं आहे. पुढची पानं मात्र रेडीच्या आणि तिच्या शेजारच्या तेरेखोलच्या पाण्याविषयी आहेत, आणि त्या पाण्यात गळाने, विशेषतः पिसांच्या कृत्रिम माशीने, मासा धरण्याविषयी.

तेरेखोल नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावते, सावंतवाडी तालुक्यातून उतरत बांद्याला येते आणि पुढे सिंधुदुर्ग आणि गोव्याचा पेडणे तालुका यांच्यामधली हद्द होऊन वाहते. बांद्याच्या वर ती खडकाळ, गोड्या पाण्याची नदी आहे. सातार्डा, आरोंदा, किरणपाणी या टप्प्यात तिची रुंद खाडी होते. शेवटी एका अंगाला तेरेखोलचा किल्ला आणि दुसऱ्या अंगाला केरीची वाळू ठेवून ती अरबी समुद्राला मिळते. तेरेखोल गाव उत्तर काठावर असूनही गोव्याचं. ते ओलांडलं की रेडीची हद्द. रेडीला स्वतःची एक लहान खाडीही आहे. तिच्या काठी झाडीत बुडालेला यशवंतगड उभा आहे.

या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. मुंबईच्या मानाने हा फरक निम्म्याहून कमी. पण उथळ खाडीत दोन मीटर पाणी म्हणजे फार मोठी हालचाल आहे. कांदळवनाची मुळं सहा तास पाण्याखाली जातात आणि सहा तास उघडी पडतात. भरतीबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी, लहान मासे आणि खेकड्यांची पिल्लं तिवरांच्या गर्दीत शिरतात. पाणी उतरू लागलं की त्यांना बाहेर यावंच लागतं. मोठे शिकारी मासे नेमक्या त्या वाटांवर तोंड करून उभे राहतात.

खाडीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. 'पाणी सुकतीक लागला' एवढं म्हटलं की कुठल्या आडीवर, कुठल्या खडकामागे, कुठल्या मानशीच्या तोंडाशी उभं राहायचं हे त्याच्या डोक्यात तयार असतं. सुकती म्हणजे ओहोटी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ नसते आणि मासाही सुस्त असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची असते आणि शिकारीच्या वेळा आखूड पण धारदार होतात. ही सगळी विद्या गरीवाल्यांची आहे. गरी म्हणजे गळ आणि दोरी. तंगुसाची दोरी, थोडं शिसं, एक गळ आणि जिवंत आमिष. पाग, कांडाळ आणि रापण ही जाळ्यांची कामं वेगळी. गरीत एका वेळी एक माणूस आणि एक मासा असतो.

गरीवाल्याची कारागिरी जवळून पाहण्यासारखी असते. खाजण म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन. तिच्या बांधाला पाणी आत-बाहेर करायला दार असतं, ती मानस. ओहोटीला मानशीतून पाणी फेसाळत बाहेर पडतं. गरीवाला डब्यातलं जिवंत सुंगट हातात घेतो आणि डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी, आतला काळा ठिपका टाळून गळ ओवतो. ठिपक्याला गळ लागला तर सुंगट मरतं, आणि मेलेल्या सुंगटाकडे चोणकासारखा शिकारी मासा सहसा बघत नाही. मग तो शिसं न लावता, किंवा अगदी नावापुरतं लावून, ते सुंगट फेसाच्या कडेला सोडतो आणि दोरी बोटावरून प्रवाहाला वाहू देतो. सगळं कौशल्य त्या सोडण्यात आहे. दोरी ताणली तर सुंगट प्रवाहाविरुद्ध चालल्यासारखं दिसतं आणि मासा फसत नाही. फार ढिली सोडली तर घास लागलेला कळत नाही.

फ्लाय फिशिंगचा, म्हणजे पिसांच्या माशीने मासा धरण्याचा, सारा खटाटोप याच एका गोष्टीसाठी आहे. आमिष प्रवाहात खरं वाटेल असं चालवायचं. फरक एवढाच की सुंगटाच्या जागी गळावर बांधलेली पिसं आणि केस असतात, आणि ती इतकी हलकी असतात की साध्या गरीने किंवा रीळाच्या रॉडने ती लांब फेकताच येत नाहीत. म्हणून इथे वजन आमिषाला न देता दोरीलाच दिलेलं असतं. फ्लायची दोरी जाड, प्लास्टिकचं आवरण असलेली आणि मापात वजनदार असते. रॉड आणि दोरी यांना १ पासून १५ पर्यंत क्रमांक असतात. खाडीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ८ क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतं. रॉड मागे नेला की ही दोरी हवेत मागच्या बाजूला सरळ उलगडते, तिच्या ओढीने रॉड वाकतो, आणि पुढे आणताना तो वाक मोकळा होऊन दोरी पुढे धावते. टोकाला बांधलेली माशी तिच्या मागोमाग जाते. शिकणाऱ्याची पहिली चूक नेहमी एकच: मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडायच्या आत हात पुढे येतो. तेवढा एक क्षण थांबणं जमलं की निम्मं काम झालं.

ही पद्धत थंड पाण्याची, ट्राउट माशाची आणि विलायती साहेबांची, असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्याला कारणही आहे. इ. स. २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसेडोनियातल्या एका नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं गळाला बांधून मासे धरणाऱ्या लोकांची हकिकत लिहिली आहे. तिथून पुढचा बहुतेक इतिहास थंड ओढ्यांचा आहे. भारतात ट्राउट आणला तोही थंड पाण्यातच: १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निलगिरीत. सिंधुदुर्गातल्या खाडीचं पाणी उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात ट्राउट जगणारच नाही.

पण माशीला पाण्याच्या तापमानाचं बंधन नाही, हे गेल्या दीडशे वर्षांत जगाने पाहिलं आहे. अमेरिकेत जेम्स हेन्शॉल यांनी १८८१ मध्ये ब्लॅक बास या ऊन पाण्यातल्या माशावर ग्रंथ लिहिला आणि ट्राउटच्या बरोबरीने त्याला मान मिळवून दिला. १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी सस्क्वेहाना नदीतल्या बाससाठी एक साधी माशी बांधली: थोडे केस आणि गळाच्या मानेवर बसवलेले डंबेलच्या आकाराचे धातूचे दोन डोळे. त्या डोळ्यांच्या वजनाने माशी उलटी होते, गळाचं टोक वरच्या बाजूला राहतं, आणि दोरी ओढून सोडली की ती घाबरलेल्या लहान माशासारखी वरखाली उड्या घेत चालते. आज ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या खाड्यांत, आग्नेय आशियात आणि अंदमानात तीच माशी सर्रास चालते.

आपल्या किनाऱ्यालाही हा विषय नवा नाही. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास मुलकी सेवेतला अधिकारी दक्षिण कानड्यात, म्हणजे मंगळूरकडे, कलेक्टर होता. त्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये निघालं. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या, त्यांतला महसीर आणि लहान मासे हे त्याचे विषय. त्याआधी १८७० मध्ये त्याने दक्षिण कानड्यातल्या मत्स्यसंवर्धनावर सरकारी अहवाल लिहिला होता. म्हणजे रॉड हातात घेणारा माणूस आणि माशांची पिलावळ वाचली पाहिजे म्हणून लिहिणारा माणूस हा एकच होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि थॉमसच्याही साडेसातशे वर्षं आधी, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या संस्कृत ज्ञानकोशात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण घातलं. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा मजकूर आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, कुठल्या माशाला कुठलं आमिष, दोरी कशाची करावी, लागलेला मासा कसा खेळवावा, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते आधुनिक अभ्यासकांपुढे आणलं. दख्खनच्या एका राजाने मासा गरवणं ही राजाच्या करमणुकीची, पण अभ्यासाने करायची विद्या मानली होती. तेव्हा नदीकाठी रॉड घेऊन उभं राहणं परकं समजायचं कारण नाही.

आता मुख्य पात्राकडे वळावं. रायगड-ठाण्याकडे ज्याला जिताडा म्हणतात, गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्याला चोणक म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात ज्याच्यासाठी जगभरातून लोक येतात तो बारामुंडी, हे सगळे एकच: लेट्स कॅल्कॅरिफर. चंदेरी अंग, डोक्यावर खोलगट उतार, पुढे आलेला खालचा जबडा, गोल शेपटी आणि अंधारात उजेड पडला की लालसर चमकणारे डोळे. तो भक्ष्याचा पाठलाग फारसा करत नाही. बुडलेल्या ओंडक्याच्या, खडकाच्या, मुळांच्या सावलीत थांबतो, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. पृष्ठभागाजवळ घास घेतला तर त्याचा दणका शांत खाडीत लांबवर ऐकू येतो. गळ लागला की तो पाण्याबाहेर उसळतो आणि डोकं झटकतो. त्याचे जबडे कानशीसारखे खरखरीत, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार. बारीक तंगूस त्यावर घासून तुटतं, म्हणून माशीच्या आधी ३० ते ४० पौंडांचा जाड तुकडा बांधावा लागतो.

चोणकाचं आयुष्य मात्र त्याच्या झुंजीपेक्षाही विलक्षण आहे. तो जन्माला नर म्हणून येतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून प्रजोत्पादन करतो, आणि आणखी काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, बहुतेक नरांच्या माद्या होतात. म्हणजे खाडीतला मीटरभर लांबीचा चोणक जवळजवळ नेहमी मादी असतो. अंडी खाडीच्या मुखाजवळ, खाऱ्या पाण्यात पडतात. पिल्लं भरतीबरोबर कांदळवनात, खाजणात आणि पावसाळ्यात भरलेल्या डबक्यांत शिरतात. काही तर गोड्या पाण्यात वरपर्यंत जाऊन वाढतात. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. बाजारात सगळ्यात जास्त भाव ज्या माशाला, तोच मासा पुढच्या पिढीसाठी सगळ्यात मोलाचा.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने याच कारणासाठी चोणकाला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा घातल्या आहेत: ५८ सेंटीमीटरहून लहान मासा ठेवायचा नाही आणि १२० सेंटीमीटरहून मोठाही ठेवायचा नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं आणि त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. ही चांगली सुरुवात आहे. जन्मानंतर लिंग बदलणाऱ्या माशांसाठी वरच्या मर्यादेचाही विचार व्हायला हवा.

खाडीतला दुसरा मोठा पाहुणा तांबोसा. हा तांबड्या अंगाचा, दातेरी मासा तिवरांच्या मुळांत राहतो. घास घेतला की तो क्षणात मागे वळून मुळांत घुसतो, आणि पहिल्या दोन सेकंदांत दोरी रोखता आली नाही तर मासा आणि माशी दोन्ही जातात. खाडीत सापडणारे तांबोसे बहुतेक तरुण असतात. पूर्ण वाढल्यावर ते खोल समुद्रातल्या खडकांकडे जातात आणि तिथेच प्रजोत्पादन करतात. म्हणजे खाडीतून काढलेल्या तांबोशाने बहुधा एकदाही अंडी घातलेली नसतात. गोबरा, रावस, शिंगाळा, शेवटे, मुडदुशे, काळुंदर यांचीही या पाण्यात वस्ती आहे. यांतले शेवटे गाळातलं शेवाळ खाणारे, माशीकडे सहसा न बघणारे. काळुंदरही मुख्यतः शेवाळ आणि वनस्पतींचा चरणारा. पण हेच शेवटे आणि मुडदुशे चोणकाचं अन्न आहेत, म्हणून माशी बांधताना त्यांचा आकार आणि रंग नीट पाहून ठेवावा.

खाडीसाठी माशी घरी बांधता येते आणि तिला महागडं साहित्य लागत नाही. गंज न धरणारा १/० क्रमांकाचा गळ लहान शिकंज्यात धरायचा. गळाच्या भोकापासून थोडं मागे दोऱ्याची पक्की बैठक करून त्यावर धातूचे डोळे आडव्या-उभ्या वेढ्यांनी बसवायचे. ते हलले तर माशी तिरकी चालते, म्हणून इथे घाई करायची नाही. मग गळ उलटा करून पांढऱ्या केसांचा एक पातळ झुपका, त्यावर चमकत्या धाग्याचे पाच-सहा तंतू, आणि शेवटी हिरवट किंवा काळसर केसांचा दुसरा झुपका. परदेशात यासाठी हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपल्याकडे रानातल्या हरणाचा कोणताही भाग बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बोकडाचे लांब केस आणि गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं हे काम उत्तम करतात. केस कमी घेतले की माशी पाण्यात जिवंत वाटते. नवशिके नेहमी जास्त घेतात.

उष्ण प्रदेशात दोरीचीही निवड विचाराने करावी लागते. थंड पाण्यासाठी केलेली दोरी इथल्या उन्हात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. उष्ण कटिबंधासाठी कडक गाभ्याची दोरी वेगळी मिळते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून पहाटेची वेळ चांगली. कांदळवनाच्या काठावर मागे दोरी उलगडायला जागा नसते. तिथे होडीतून, काठाकडे तोंड करून फेकणं सोयीचं. खडकांवर आणि खांबांवर कालवं असतात, त्यांची धार दोरी आणि पाय दोन्ही कापते. तेरेखोलच्या वरच्या भागात, बांद्याच्या परिसरात मगरी दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अनोळखी कोंडीत कमरेपर्यंत पाण्यात उतरू नये, एवढा नियम पुरेसा आहे.

हंगाम साधारण पावसाळा संपून पाणी निवळल्यावर सुरू होतो आणि मे अखेरपर्यंत चालतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की नदी लाल होते आणि गोड्या पाण्यात दुसरंच चक्र सुरू होतं. नदीतले मासे ओढे, वहाळ आणि भातशेतीत चढतात, अंडी घालायला. हेच चढणीचे मासे. सबंध कोकणात या दिवसांत पाग आणि सापळे घेऊन माणसं वहाळांवर जातात. वर्षातून एकदा, घरापुरते चार मासे, इतपत असताना हा उत्सव होता. आज एकाच ओढ्यावर एवढे सापळे लागतात की वर चढणारा मासा अंडी घालायच्या आत संपतो. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी आहे. रॉडवाल्यांनी हेच दोन महिने नदी आणि ओढ्यांसाठीही आपण होऊन पाळावेत, हे या पानांचं पहिलं सांगणं आहे.

दुसरं सांगणं सोडण्याविषयी. पकडलेला मासा सोडून द्यायचा ही कल्पना मालवणी किनाऱ्यावर सहज पटणारी नाही, आणि तशी ती पटावी असा हट्टही नाही. इथे मासा अन्न आहे आणि अनेक घरांचं उत्पन्न आहे. मधल्या आकाराचा एखादा चोणक घरी नेऊन त्याचं तिकलं करण्यात काहीच गैर नाही. सोडायची ती मोठी मादी आणि सोडायचा तो लहान तांबोसा. आणि सोडायचा तर नीट सोडायचा: गळाचा काटा आधीच चिमट्याने दाबून सपाट करावा, हात ओले करूनच माशाला लावावा, नुसत्या जबड्याने उभा लटकवू नये, आणि फोटोसाठी पाण्याबाहेर काढलाच तर आपल्याला श्वास रोखता येईल त्याहून कमी वेळ. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीच्या मुळाशी धरून, तो स्वतः हात सोडवून जाईपर्यंत आधार द्यावा. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे दमलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो. म्हणूनच हलक्या रॉडवर मासा तासभर खेळवण्यात शौर्य नाही. पुरेशा जोराचं साधन घेऊन लवकर जवळ आणणं हेच बरोबर.

रॉडच्या नादाने नदीचं भलं होतं का, याचं उत्तर देशातच आहे, आणि ते दुहेरी आहे. बंगळूरच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने १९७२ नंतर कावेरीचा एक टप्पा राखला. पुढे तिथे महसीर पकडून सोडण्याची शिबिरं नावारूपाला आली, पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांतल्या काहींना वाटाड्याचं काम मिळालं आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर वचक बसला. त्याच कावेरीत चांगल्या हेतूने एक मोठी चूकही झाली. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या केंद्रात दख्खनी महसीराचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं होतं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांचं हे काम फार मोलाचं. पण तिथली पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि त्यांनी तिथल्या मूळच्या वाशिंडाच्या महसीराची जागा घेतली. २०१८ मध्ये तो मूळ मासा आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरला. बाहेरचा मासा, मग तो शेजारच्या खोऱ्यातला का असेना, तेरेखोलमध्ये सोडायचा नाही, हा धडा तिथून घ्यावा.

सिंधुदुर्गाने स्वतःही दोन वाटा दाखवल्या आहेत. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा शास्त्रज्ञांना सापडला, २०२० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसास्थळ घोषित केलं. लोकांनी देवाचं म्हणून राखलेलं पाणी कायद्याच्या संरक्षणाखाली आलं. दुसरी वाट वेंगुर्ल्याची. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिवर, चिप्पी, खेकडे, पक्षी यांची माहिती त्या सांगतात आणि त्यातून घर चालवतात. खाडी जिवंत राहिली तरच हा धंदा राहतो, हे त्यांना कोणी वेगळं सांगावं लागत नाही. रेडी आणि आरोंद्याच्या गरीवाल्यांनी याच धर्तीवर वाटाडे म्हणून उभं राहावं. होडी त्यांची, भरती-ओहोटीचं ज्ञान त्यांचं, मासा कुठे उभा असेल हे त्यांनाच ठाऊक. बाहेरून येणाऱ्याकडे फक्त रॉड असतो.

हे घडायचं तर पाणी शाबूत हवं. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, तरी उन्हाळ्यात आटलेल्या कोंडींवर हे प्रकार होतात. एका सुरुंगाने कोंडीतला सगळा मासा, पिल्लांसकट, मरतो आणि त्यातला निम्मा तळाशीच कुजतो. खाड्यांतला बेकायदा वाळूउपसा तळ खरवडतो, पाणी गढूळ करतो आणि काठ ढासळवतो. कांदळवन तोडण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक निकाल दिला, राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून मान दिला. कायदे आहेत, पहाटे पाण्यावर असणारे डोळे कमी आहेत. रॉडवाला आणि गरीवाला हे दोघंच रोज त्या वेळी तिथे असतात.

पुढच्या पानांत अवजारं, गाठी, माश्यांचे नमुने, भरतीचं वेळापत्रक वाचण्याची रीत आणि मुखापासून बांद्यापर्यंतच्या टप्प्यांची माहिती क्रमाने येते. वाचकाने ती वाचून रॉड विकत घेण्याआधी एक काम करावं: आरोंदा, रेडी किंवा शिरोड्याच्या एखाद्या गरीवाल्याबरोबर एक पूर्ण सुकती काठावर काढावी, आणि पाणी कसं उतरतं ते त्याच्याकडून समजून घ्यावं. त्याचा मोबदला त्याला द्यावा. आणि ज्या दिवशी माशीवर मीटरभर लांबीचा चोणक लागेल, त्या दिवशी ती मादी आहे हे आठवून तिला पाण्यात परत सोडावं.